मुंबईहून न्यूयॉर्कला विमानाने नेमके किती तास लागतात?

माझी मावशी लेकीकडे न्यू जर्सीला निघाली होती. जून महिन्यातले तिकीट होते आणि ते मला दाखवताना तिचे बोट दोन आकड्यांवर ठेवलेले होते. मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री १:३०, न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर पोचण्याची वेळ त्याच तारखेला सकाळी ७:३०. "सहा तासांत अमेरिका येते, मग सगळे पंधरा-सोळा तास कशाला सांगतात रे?" असा तिचा प्रश्न होता. परतीचे तिकीट याहून चक्रावणारे होते, कारण त्यावर दुपारी १२ ला न्यूयॉर्क सोडून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, असे छापलेले होते. जाताना सहा तास आणि येताना चोवीस! तिकिटावरची घड्याळे वाचता आली की हा घोळ पाच मिनिटांत सुटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तो म्हणजे एवढ्या अंतराला एवढाच वेळ का लागतो आणि जाताना व येताना तो सारखा का नसतो, आणि त्याच्या उत्तरासाठी थोडे सविस्तर बोलावे लागते.

आधी घड्याळ. विमानाच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात ग्रीनिचच्या पाच तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते एक तास पुढे सरकवलेले असल्यामुळे चारच तास मागे असते. म्हणजे मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. मावशीच्या तिकिटावरच्या सहा तासांत साडेनऊ मिळवले की साडेपंधरा तास होतात आणि परतीच्या चोवीस तासांतून साडेनऊ वजा केले की साडेचौदा उरतात. हेच १:३० आणि ७:३० हे आकडे डिसेंबरच्या तिकिटावर असते, तर प्रवास साडेसोळा तासांचा ठरला असता. म्हणूनच अमेरिकेतली घड्याळे बदलली की वेळापत्रकातली एका टोकाची वेळ तासभर सरकलेली दिसते. विमान मात्र पूर्वीइतकेच उडत असते.

आता अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर धरावे आणि हळूहळू ताणत जावे. दोरा सैल असताना तो अरबस्तान आणि इजिप्तवरून सरळ पश्चिमेला जाईल असे वाटते. ताण वाढतो तसा तो आपणहून उत्तरेकडे घसरत जातो आणि शेवटी जिथे बसतो ती वाट पाहून पहिल्यांदा करणाऱ्याला आपले काहीतरी चुकले असावे अशी शंका येते. गुजरात, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग चक्क मॉस्कोच्या जवळून, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या आसपासून, आइसलँड ओलांडून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ शिवून, कॅनडातल्या लॅब्राडॉरवरून खाली न्यूयॉर्कला, असा तो जातो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि न्यूयॉर्क सुमारे ४१ अंशांवर. पण या दोघांना जोडणारी सर्वांत जवळची वाट मध्येच जवळजवळ ६५ अंशांपर्यंत वर चढून येते. मुंबईतून निघताना तिची दिशा पश्चिम नसते, ती उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश कललेली असते.

शाळेच्या भूगोलात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, त्याचाच हा तुकडा आहे. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त, आणि गोलावरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर नेहमी अशाच वर्तुळावर मोजले जाते. मोजण्याची रीत ऐकायला वाटते तितकी अवघड नाही. दोन्ही विमानतळांपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत रेषा ओढल्या, तर त्या दोन रेषांमधला कोन सुमारे ११२.७ अंश भरतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटरांच्या थोडा वर आकडा येतो. इंटरनेटवर दोन विमानतळांची नावे टाकून जे अंतर मिळते ते याच रीतीने काढलेले असते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे काटेकोर हिशेबात थोडा फरक पडतो, इतकेच. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून वाट किती लांबते, असाही प्रश्न काही जण विचारतात. एवढ्या प्रवासात त्याने जेमतेम वीस-बावीस किलोमीटर वाढतात, म्हणजे दीड मिनिटाचा मामला.

मग आपल्याला ही वाट वाकडी का वाटते? कारण भिंतीवरच्या नकाशाची सवय. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये जो नकाशा काढला तो दर्यावर्दी लोकांसाठी होता. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची दिशा संपूर्ण प्रवासात एकच राहते, ही त्याची खुबी. त्या खुबीची किंमत म्हणून उत्तरेकडचे प्रदेश त्यावर फुगत जातात. ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे आणि भारताचे ३२.८७ लाख, तरी त्या नकाशावर ग्रीनलँड भारताच्या कितीतरी पट मोठे दिसते. अशा नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाऊन अटलांटिकमध्ये उतरते. दिसायला ती सरळ, पण प्रत्यक्षात तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा सोळाशेहून जास्त किलोमीटर लांब. जेट विमानाच्या वेगाने हा जवळजवळ दोन तासांचा फरक आहे. नकाशावर जी वाट वळसा घेताना दिसते ती खरी सरळ आणि जी पट्टीने मारलेली दिसते तोच खरा वळसा, हे एकदा दोऱ्याने करून पाहिले की पुन्हा विसरत नाही.

अंतर कळल्यावर वेळ काढणे म्हणजे शाळेतला भागाकार. लांब पल्ल्याची आजची विमाने साधारण ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनीचा वेगही कमी, ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, आणि त्याच्या ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. साडेबारा हजाराला नऊशेने भागले की १३ तास ५३ मिनिटे येतात. मावशीच्या दोन्ही तिकिटांवर यापेक्षा जास्त वेळ आहे आणि शिवाय जाण्याच्या व येण्याच्या वेळांत एका तासाची तफावत आहे. भागाकार बरोबर असूनही उत्तर का जुळत नाही, याची खरी कथा इथून सुरू होते.

त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा हात वाऱ्याचा. ताशी ९०० हा वेग विमानाचा हवेतला वेग आहे, आणि हवा स्वतःच चालत असते. नदीतल्या होडीला वल्ह्यांचा जोर तेवढाच असला तरी धारेबरोबर ती भराभर सुटते आणि धारेविरुद्ध किनारा सरकता सरकत नाही, तसेच हे. मध्य अक्षांशांवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांत ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग नेहमीचाच, आणि हिवाळ्यात तो तीनशेच्याही वर जातो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना शेवटचा मोठा टप्पा या वाऱ्याच्या तोंडावर पडतो आणि परतताना तोच वारा पाठीशी लागतो. सगळ्या प्रवासाची सरासरी धरून समोरचा वारा ताशी केवळ ५० किलोमीटर मानला तरी जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि हवेतला वेळ १४ तास ४२ मिनिटांवर जातो. तोच वारा पाठीशी असला तर १३ तास १० मिनिटे पुरतात. दीड तासाचा फरक नुसत्या वाऱ्याने पडला. जाताना गमावलेले येताना पुरते भरून निघते असा समज असतो, तोही पूर्ण खरा नाही. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि पाठच्या वाऱ्यात कमी, त्यामुळे दोन्ही फेऱ्या मिळून हिशेब नेहमी थोडा तोट्यातच राहतो.

हा वारा शास्त्रज्ञांच्या नजरेत आला तो विमानांमुळे नव्हे. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून जपानवरच्या उंच हवेतले हे प्रचंड वारे मोजले होते. जगाला वाचता यावे म्हणून त्यांनी आपले निष्कर्ष एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापले आणि नेमके त्यामुळेच ते फारसे कोणी वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हा वारा सामोरा आला, तेव्हा त्याचा बोलबाला झाला. आज विमान कंपन्यांना त्याची बित्तंबातमी असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले, एरवी या मार्गाला सहा-सात तास लागतात. वाटेत त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत पळत होती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो चांगल्या शिकलेल्या माणसांच्याही तोंडी ऐकू येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला हवे, मग उलट जास्त वेळ का? मुंबईची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला जात असते हे खरे आहे, पण हवाही तिच्याबरोबर फिरत असते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. चालत्या गाडीच्या डब्यात उंच उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विमानाला थेट होत नाही. तो वाऱ्यांमार्फत होतो, कारण जेट स्ट्रीम पूर्वेकडे वळतात ते पृथ्वी फिरते म्हणूनच.

वारा इतका मोलाचा असल्यामुळे कधीकधी लांबची वाट लवकर पोचवते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. एअर इंडियाचे हे उड्डाण आधी अटलांटिक महासागरावरून जात असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून नेले गेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण पूर्वेकडे जाताना वारा सतत पाठीशी राहिल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांच्या आसपास आला, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही वेळ वाचला. त्यामुळे संकेतस्थळावरचे 'अंतर' पाहून तास ठरवणे म्हणजे घाट आहे की सपाटी हे न विचारता एसटीची वेळ सांगण्यासारखे आहे.

दुसरा हात राजकारणाचा. दोऱ्याची वाट ज्या देशांवरून जाते ते देश वाट देतीलच असे नाही. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बहुतांशी बंद होती. पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारतानेही तसेच केले. याची झळ दिल्लीला जास्त बसते, कारण तिथून पश्चिमेला निघालेले विमान लगेच पाकिस्तानवर येते. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात थांबावे लागले. मुंबईच्या विमानाला अरबी समुद्र मोकळा असतो, म्हणून त्याचा वळसा तुलनेने कमी. रशियाने २०२२ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा फिनलंडच्या हेलसिंकीहून टोकियोला पूर्वी सुमारे नऊ तासांत जाणारे विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने किंवा दक्षिणेकडून वळसा घालून सुमारे तेरा तास घेऊ लागले. गंमत म्हणजे भारतीय कंपन्यांना रशियाने बंदी घातली नाही. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, अमेरिकी कंपनीचे विमान आणि भारतीय कंपनीचे विमान वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकते. म्हणून 'मुंबई–न्यूयॉर्क किती तास' या प्रश्नाला 'कोणाच्या विमानाने' हा उपप्रश्न जोडावा लागतो.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. आकाशात विमाने मनाला येईल तशी जात नाहीत. पाच-पाच अक्षरांची नावे दिलेले ठरावीक बिंदू असतात आणि एका बिंदूवरून दुसऱ्यावर असे ती जातात. उत्तर अटलांटिकवर तर वारा पाहून दर दिवसाचे मार्ग नव्याने आखले जातात, दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेला जाणाऱ्यांसाठी. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोचता यावे, असाही नियम आहे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटे होती, १९८५ मध्ये ती १२० झाली आणि आता काही विमानांना ३७० मिनिटांपर्यंत मुभा आहे. वैमानिक उशीर झाला म्हणून फारसा वेग वाढवत नाहीत, कारण ध्वनीच्या वेगाजवळ थोडा वेग वाढवायलाही इंधन बेसुमार जळते, आणि बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावत असले तरी ते वाहून नेण्यासाठीच पुष्कळ इंधन खर्ची पडते.

तिसरा हात जमिनीचा, आणि तो हमखास विसरला जातो. तिकिटावर छापलेला वेळ हवेतला नसतो. चाकांखालचे ठोकळे, ज्यांना विमानतळावर चॉक म्हणतात, ते मुंबईत काढल्यापासून न्यूयॉर्कमध्ये पुन्हा लावीपर्यंतचा तो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते आणि मध्यरात्रीनंतर परदेशी उड्डाणांची रांग लागते. गेट सोडल्यापासून उड्डाणापर्यंत वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात आणि केनेडी विमानतळावर उतरल्यावरही गेटपर्यंत रखडपट्टी असते. शिवाय वेळापत्रक आखताना कंपन्या थोडी जास्तीची मिनिटे धरून ठेवतात, म्हणजे किरकोळ उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता येते. १४ तास ४२ मिनिटांत हे सगळे मिळवले की मावशीच्या तिकिटावरचे साडेपंधरा तास जुळतात.

थेट उड्डाण न मिळाल्यास काय, हे पाहण्यासारखे आहे, कारण तिथे अंतर आणि वेळ यांची फारकत उघडी पडते. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर, एकूण १२,९५०. दोऱ्याच्या वाटेपेक्षा हे केवळ चारशेच्या आसपास किलोमीटर जास्त, म्हणजे अर्ध्या तासाचे उड्डाण. लंडनमार्गे गेलात तर मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५०, म्हणजे १२,७५०. इथे वळसा आणखी कमी. तरी अशा तिकिटांवर एकूण वेळ वीस-बावीस तास दिसतो, आणि तो वाढवणारा वळसा नसून मधला थांबा असतो. चार तासांचा थांबा म्हणजे ताशी ९०० च्या हिशेबाने ३,६०० किलोमीटर उडण्याइतका वेळ खुर्चीत बसून घालवणे. वयस्कर माणसाला मध्ये पाय मोकळे करायला मिळतात म्हणून काही जण तो मुद्दाम घेतात, आणि त्यात चूक नाही.

मावशीने थेट विमान घेतले. समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग दिसतो तो लिहून ठेव, असे मी तिला सांगितले होते, आणि तिने खरोखरच औषधांच्या चिठ्ठीच्या मागे दोन्ही वेळचे आकडे लिहून आणले. जाताना अटलांटिकवर ८१०, येताना त्याच महासागरावर १,०२०. परतीचे विमान मुंबईत नियोजित वेळेच्या पस्तीस मिनिटे आधी उतरले आणि गेट मोकळे नव्हते म्हणून त्यांतली तीस मिनिटे टॅक्सीवेवर उभे राहिले.